माप बरोबर, माल खवट

शेंगतेलाचा नवा डबा फोडला की आमचे तात्या झाकणाला लागलेलं तेल बोटावर घेतात, मनगटाच्या मागं चोळतात आणि नाकाला लावतात. दोन सेकंद. मग एक तर मान हलवतात नाहीतर "खवट" एवढंच म्हणतात, आणि खवट म्हटलं की तो पंधरा किलोचा डबा परत जाणार म्हणजे जाणार, मग व्यापाऱ्यानं तारीख दाखवू दे नाहीतर सील दाखवू दे. माप बरोबर असतं, रंग बरोबर असतो, डब्यावर "झिरो कोलेस्टेरॉल" असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. (आता शेंगतेलात कोलेस्टेरॉल असायला ते काय अंड्यातनं काढतात? झाडापासनं निघणाऱ्या कुठल्याच खायच्या तेलात ते नसल्यात जमा असतं. पण गिऱ्हाईक ते वाचून दहा रुपये जास्त देतं आन् मी घेतो, खोटं कशाला बोलू.)

हे सगळं सांगायचं कारण तात्यांच्याच रक्ताचा एक रिपोर्ट. त्यात माप इतकं झकास होतं की मी वास घ्यायला विसरलो.

वडगावात आमचं धान्य-किराण्याचं दुकान, आज्जापासनंचं. गेल्या वर्षी श्रावणात तात्यांना ताप आला. पहिले दोन दिवस "पावसाचं आहे, उतरतंय" म्हणून गेले, बेळगावचा पाऊस म्हणजे त्या महिन्यात घरटी एक जण खोकतच असतो त्यामुळं कोण मनावर घेत नाही. तिसऱ्या दिवशी डोळ्यांच्या मागं ठणका लागला, अंग असं मोडून आलं की कूस बदलताना तात्या ओरडायचे, जे एरवी दाढ काढतानाही ओरडले नव्हते. टेस्ट केली, एनएस१ पॉझिटिव्ह. डेंग्यू. गल्लीत लगेच गटारीच्या कडेनं ब्लीचिंग पावडर पडली, चांगलंच झालं, पण हा डास गटारीत सहसा अंडी घालत नाही, त्याला साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. ते आमच्याच मागल्या दारी दोन निळ्या बॅरलात भरून ठेवलेलं होतं, झाकण न लावता, मीच.

पुढचे आठ दिवस घरात रोज सकाळी प्लेटलेटचा भाव निघायचा, यार्डात मिरचीचा निघतो तसा. दीड लाखाच्या वर पाहिजेत, तात्यांच्या बासष्ट हजारापर्यंत उतरल्या. खानापूरची आत्या पपईच्या पानांचा रस घेऊन एसटीनं आली, कुणी किवी आणलं. डॉक्टर म्हणाले पाणी प्या, तापाला फक्त पॅरासिटॅमॉल, तीही सांगितली तेवढीच, आणि दुसरी कुठली दुखण्याची गोळी मनानं द्यायची नाही, रक्तस्राव व्हायची भीती असते. लिव्हरचे आकडे, एसजीओटी वगैरे, वाढले होते म्हणून तात्यांची जुनी कोलेस्टेरॉलची गोळी त्यांनी थांबवली. आणि वर सांगितलं, बरं वाटल्यावर मला विचारून परत चालू करायची. हे वाक्य मी ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं.

आता रिपोर्टचं. रोज रक्त काढायला जात होतो तिथला काउंटरवरचा पोरगा एक दिवस म्हणाला, "रक्त काढायलाच लागलंय तर पॅकेजच करून टाका की अण्णा, स्वस्तात पडतंय." स्वस्तात पडतंय म्हटल्यावर दुकानदार माणूस काय करणार. केलं पॅकेज. त्यात लिपिड प्रोफाइल पण होतं. टोटल कोलेस्टेरॉल 112, एलडीएल, म्हणजे ज्याला सगळे वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, 41! गोळी चालू असताना मार्चमध्ये टोटल 168 आणि एलडीएल 98 होतं, आणि ते बघून डॉक्टर समाधानी होते. आता एक्केचाळीस म्हणजे पोराच्या वयाचं रक्त झालं की हो. ताप उतरला, प्लेटलेट चढल्या, तात्या गल्ल्यावर येऊन बसायला लागले, आणि मी गोळीच्या पाकिटाकडं बघून म्हटलं, "तात्या, आता कशाला ही? एक्केचाळीस आलंय." तात्यांना गोळ्यांचा कंटाळा तसाही होताच. आईनं मधेच विचारलं, "डॉक्टरास्नी विचारलास काय?" मी म्हटलं, "विचारतो." विचारलं नाही.

उलट अशक्तपणा आहे म्हणून पायाचं सूप, सकाळी तूप-भात, भाऊ कॅम्पातनं येताना कुंदा, आमच्या बेळगावची दुधाची मिठाई, घेऊन यायचा, ते पण चाललं.

तीन महिन्यांनी, कार्तिकात, दुसऱ्याच कारणानं रक्त तपासलं. टोटल 238, एलडीएल 165. मला वाटलं लॅबची चूक. दोन्ही रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडं गेलो, आणि त्यांनी नवीन रिपोर्ट बाजूला ठेवून जुनाच, तो श्रावणातला, हातात घेतला. "काय बघून खूश झालात हो तुम्ही?" मी एलडीएलवर बोट ठेवलं. त्यांनी पेननं त्याच्या वरच्या दोन ओळींना गोल केला. एचडीएल 24. ट्रायग्लिसराइड 235. मार्चमध्ये हेच 42 आणि 140 होते. म्हणजे ज्याला चांगलं म्हणतात ते निम्म्याजवळ आलेलं, रक्तातली साधी चरबी दीडपटीच्या वर गेलेली, आणि मी मधलाच एक आकडा उचलून पेढे वाटायच्या तयारीत. "हे तात्यांचं कोलेस्टेरॉल नाही," ते म्हणाले, "हे डेंग्यूचं कोलेस्टेरॉल आहे. मोठा ताप येऊन गेला की दीड-दोन महिने हे तपासायच्याच भानगडीत पडू नये."

आणि अजून एक गोष्ट त्या दिवशी कळली जी ऐकून माझ्यातला हिशेबनीस उठून बसला. रिपोर्टातलं एलडीएल बऱ्याच वेळा मोजलेलंच नसतं! टोटल, एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड एवढंच मोजतात आणि एलडीएल वजाबाकीनं काढतात, 1972 सालचं फ्रीडवाल्ड म्हणून एक सूत्र आहे. टोटलमधनं एचडीएल वजा, आणि ट्रायग्लिसराइडला पाचानं भागून तेही वजा. करून बघितलं तिथंच, 112 मधनं 24 गेले, 235 भागिले 5 म्हणजे 47 गेले, उरले 41. म्हणजे मी ज्याच्यावर खूश होतो ती शिल्लक होती. आणि शिल्लक जमेला जितकी बांधलेली असते तितकीच खर्चाला, त्यात तापानं टोटल खाली ओढलेलं आणि ट्रायग्लिसराइड वर, दोन्हीकडनं शिल्लक कमीच दिसणार. ट्रायग्लिसराइड चारशेच्या वर गेलं की तर हा हिशेब धरतच नाहीत.

मग मी रात्री दुकान बंद केल्यावर मोबाइलवर वाचत बसायला लागलो. बायको म्हणायची, "काय बघूल्यास एवढं?" काय सांगणार, तात्यांचं लिव्हर बघतोय.

झालेलं असं असतं. विषाणू अंगात शिरला की पांढऱ्या पेशी सायटोकाइन सोडतात, म्हणजे निरोपच ते, टीएनएफ, आयएल-6 अशी त्यांची नावं, आणि ते निरोप लिव्हरला पोचले की लिव्हर रोजचा धंदा आवरतं घेतं. 2019च्या ऑगस्टात पूर आला तेव्हा आमच्या दुकानाचं झालं होतं तसं. त्या आठवड्यात कुणी बासमती विचारला नाही, गूळ विचारला नाही, मेणबत्त्या, काडेपेटी, बिस्किटं, साधा तांदूळ, एवढंच, आणि तेही मिळेल त्या भावानं. त्या आठवड्याचा गल्ला बघून कुणी म्हटलं असतं की यांच्याकडं वेलदोडा खपतच नाही, तर? लिव्हर पण तसंच, तातडीची प्रोटीनं ढिगानं बनवायला घेतं. सीआरपी त्यातलंच. आता कोविडनंतर सीआरपी, फेरिटिन, आयएल-6 ही नावं आमच्या गल्लीत आजीबायांना पण पाठ झाली होती. कर्नाटकच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचा कागद दाखवल्याशिवाय कोल्हापूरची भाची बारशाला येऊ शकत नव्हती ते दिवस आठवा, तेव्हा फोनवर "कशी आहेस" च्या ऐवजी "सीआरपी किती" असं विचारायचो आम्ही. पण हे सीआरपी काय नवीन नव्हे, 1930 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये न्यूमोनियाच्या पेशंटांच्या रक्तात सापडलेलं आहे. तात्यांचं त्या रिपोर्टात 28 होतं. हृदयाचा धोका बघायला हेच प्रोटीन बारीक मापानं मोजतात, तिथं तीनच्या वर गेलं की भुवई उंचावते. पण तापात मोजलेलं सीआरपी तापाचंच सांगणार, हृदयाचं काय सांगणार.

आणि कोलेस्टेरॉल जातं कुठं? एक तर लिव्हर आजारी, रक्तातनं बाहेर झिरपतं ते वेगळं. पण मला गंमत वाटली ती ह्याची की डेंग्यूच्या विषाणूला स्वतःला कोलेस्टेरॉल पाहिजे असतं. तो पेशीच्या आत पातळ पडद्यांवर आपला कारखाना मांडतो आणि ते पडदे बांधायला पेशीचीच चरबी वापरतो, त्याच्यावरचं पांघरूणही आपल्याच पडद्यातनं फाडून घेतलेलं. आमचाच माल, आमचंच गोदाम. आणि शरीर पण काय कमी नाही, ते त्याच कोलेस्टेरॉलपासून 25-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल नावाचं एक रसायन बनवतं जे कितीतरी विषाणूंना पेशीच्या दारातच अडवतं. म्हणजे हे वाईट, ते चांगलं असं आपण जे रिपोर्टवर वाचतो त्याच्या पलीकडं आत ह्या एका मालासाठी दोन पार्ट्यांची ओढाताण चाललेली असते.

हेपटायटिस सी चं तर अजून स्पष्ट आहे, तो विषाणू रक्तात चरबीच्या गाठोड्यातच लपून फिरतो, पेशंटचं कोलेस्टेरॉल कमी दिसतं, आणि नवीन औषधांनी विषाणू पूर्ण गेला की एलडीएल वर चढतं. आजार बरा झाला आणि रिपोर्ट बिघडला!

आता एचडीएलचं. ते म्हणजे हमाल, रिकामी पोती उलटी गोदामात नेणारे, नसांमधलं जास्तीचं कोलेस्टेरॉल उचलून लिव्हरकडं पोचवणारे. त्यांच्या टोळीचा मुकादम म्हणजे एपीओए-1 नावाचं प्रोटीन. ताप आला की लिव्हर सीरम अमायलॉइड ए नावाचं दुसरं एक प्रोटीन सोडतं, आणि ते येऊन मुकादमाची जागा घेतं. शिवाय टोळीत पॅराऑक्सोनेज म्हणून एक असतो, ज्याचं काम चरबी खराब होऊ न देणं, तोही कमी होतो. म्हणजे हमाल आधीच निम्मे आणि जे आहेत ते काम सोडून भांडणात सामील.

चरबी खराब होणं म्हणजे काय? इथंच मी मोबाइल खाली ठेवला. शेंगतेल खवट होतं म्हणजे हवेतला ऑक्सिजन तेलाच्या साखळीला लागतो, एक तुकडा खराब झाला की तो शेजारच्याला खराब करतो, अशी लागण पुढं पुढं जाते. पुस्तकात त्याला लिपिड पेरॉक्सिडेशन म्हणतात. आणि रक्तातल्या एलडीएलचं नेमकं हेच होतं. जंतू मारायला पांढऱ्या पेशी मुद्दाम तिखट ऑक्सिजन सोडतात, सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि त्यातल्याच न्यूट्रोफिल नावाच्या पेशी तर हायपोक्लोरस ॲसिड बनवतात, म्हणजे गटारीत टाकलेल्या ब्लीचिंग पावडरला पाणी लागल्यावर जे काम करतं तेच. अंगात आतल्या आत ब्लीचिंग! जंतूंसाठी असतं ते, पण पडतं सगळ्यांवर. ते निस्तरायला पेशीत ग्लुटाथायोन असतं, ते कमी पडायला लागलं की त्या अवस्थेला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. (पॅरासिटॅमॉल जास्त घेतली की लिव्हरचं हेच ग्लुटाथायोन संपतं. "सांगितली तेवढीच" चा अर्थ मला तेव्हा लागला.)

एलडीएल नसांच्या भिंतीत अडकतं, तिथं खवट होतं आणि तिथल्या मॅक्रोफेज, म्हणजे कचरा गिळणाऱ्या पेशी, ते गिळतात. चांगलं एलडीएल घ्यायला पेशीला एक दार असतं, ब्राऊन आणि गोल्डस्टीन ह्या दोघांनी ते दार शोधलं आणि त्यांना 1985चं नोबेल मिळालं. पोट भरलं की पेशी ते दार कमी करते. पण खवट माल दुसऱ्याच दारानं आत जातो आणि त्या दाराला "बास" म्हणायची सवय नाही. पेशी खात सुटते, फुगते, फेसासारखी दिसायला लागते, म्हणून नावच फोम सेल. नसेतली गाठ म्हणतात ती इथनं सुरू होते.

म्हणजे श्रावणात तात्यांच्या अंगात तेल कमी होतं हे खरंच, पण जे होतं ते खवट व्हायच्या वाटेवर होतं. जो माणूस मनगटावर बोट चोळून डबे परत पाठवतो त्याच्या रक्ताचं मी फक्त माप बघितलं.

मला खरा घाम फुटला तो अजून एक गोष्ट वाचून. कॅनडातल्या ओंटारिओचा 2018 साली छापून आलेला अभ्यास आहे, फ्लू झाल्याचं लॅबमध्ये पक्कं झाल्यावर पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण एरवीच्या सहापट निघालं. डेंग्यू म्हणजे फ्लू नव्हे, ते कळतंय मला. पण ज्या दिवसांत नसांमधल्या जुन्या गाठी सुजलेल्या, रक्त गोठायला टपलेलं, त्या दिवसांच्या पाठोपाठ एकाहत्तर वर्षांच्या माणसाची गोळी बंद, वरनं पायाचं सूप आणि कुंदा. काही झालं नाही. झालं नाही म्हणून हे लिहितोय.

गोळीवरनं आठवलं, ती स्टॅटिन जातीची गोळी ज्यांनी शोधली ते अकिरा एंडो, जपानचे, बुरशीच्या हजारो जाती तपासत बसले होते, आणि 1973 साली ज्या बुरशीत त्यांना पहिलं स्टॅटिन सापडलं ती बुरशी आली कुठनं, तर क्योटोमधल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळातनं. धान्याच्या दुकानातनं! मी हे तात्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मग त्या दुकानदारानं माल नीट वाळवला नव्हता." झालं, विषय संपला.

ह्या सगळ्यात माझे एक साडू अँटिऑक्सिडंटची पावडर घेऊन आले, डबा अडीच हजाराचा, "फ्री रॅडिकल सगळे साफ." ऑक्सिडेशननं वाईट होतं तर त्याच्या उलटं काहीतरी खाल्लं की झालं, हे ऐकायला एकदम पटतं, मलाही पटलं असतं. पण 2000 साली होप नावाच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला, साडेनऊ हजार हृदयाच्या धोक्यातली माणसं, साडेचार वर्षं रोज व्हिटॅमिन ई, आणि अटॅक काही कमी झाले नाहीत. खवट तेलात ताजं तेल मिसळून ते ताजं होत नाही हे किराणा दुकानात कुणालाही सांगावं लागत नाही. त्याचा अर्थ खाण्याचा काही संबंध नाही असाही नव्हे, चीनमध्ये केशान भागात जमिनीतच सेलेनियम, म्हणजे ऑक्सिडेशन रोखायला अंगाला लागणारं एक खनिज, कमी, धान्यात कमी, आणि तिथं बायका-पोरांना हृदयाचा एक आजार व्हायचा. पुढं उंदरांवर बघितलं तर सेलेनियम नसलेल्या उंदरात सौम्य कॉक्सॅकी विषाणू स्वतःच बदलून जहाल झाला. कमी असेल तर भरून काढणं वेगळं आणि भरलेल्या पोत्यावर अजून ओतणं वेगळं. साडूंना चहा दिला, कांदाभजी दिली, पावडर घेतली नाही. ते अजून जरा फुगलेलेच आहेत.

गोळी त्याच दिवशी परत चालू झाली. माघात तपासलं, टोटल 171, एलडीएल 100. बॅरलांना झाकणं आणली, शुक्रवारी दोन्ही घासून कोरडी करतो.

परवा दुकानात कागद आवरताना तो श्रावणातला रिपोर्ट निघाला. मी फाडायला घेतला तर तात्यांनी हातातनं काढून घेतला, गल्ल्यातलं लाल पेन काढलं आणि वर आडवं लिहिलं, "ताप होता तेव्हाचा". मग उठले आणि भिंतीवरच्या दोन तारांपैकी डावीकडच्या तारेला तो खुपसला. डावीकडच्या तारेला आम्ही परत पाठवलेल्या मालाच्या चिठ्ठ्या लावतो.